डावी गाठ

होड्या वर ओढून ठेवल्या होत्या. मासळी अंडी घालते म्हणून दोन महिने कोणी समुद्रात जायचं नव्हतं. पुरुष किनाऱ्यावर रंगाचे डबे उघडून बसले होते, आणि स्वतःची होडी रंगवण्यापेक्षा दुसऱ्याच्या रंगाला नावं ठेवण्यातच त्यांचा दिवस जात होता. बायका मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये गोधडी शिवत होत्या.

गोधडी शाळेतल्या बाईंच्या डोक्यातून निघाली होती. किनाऱ्यापासून दक्षिणेला तासाभरावर पाण्याखाली एक लांबलचक खडक आहे, ओहोटीला त्याचं एक टोक तेवढं वर येतं. मासळीची पिल्लं तिथे वाढतात. पाच वर्षांपूर्वी वाडीने एकत्र बसून ठरवलं की त्या खडकावर कोणी जाळं टाकायचं नाही. तेव्हापासून त्याला बंद खडक म्हणू लागले. आता पुन्हा किनाऱ्याजवळ मोठी मासळी लागू लागली होती. त्याच आनंदात बाई म्हणाल्या, प्रत्येक घराने एक तुकडा द्या, घरच्या माणसाच्या अंगावरचं जुनं कापड, त्यावर हवं ते भरा. सगळे तुकडे जोडून मोठी गोधडी करू आणि सोसायटीच्या भिंतीवर लावू. जे समुद्रात बुडाले त्यांचेही तुकडे लावू. चेअरमननी त्यात अट घातली, कारण अट घातल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे. ज्या घराने बंदी मोडली त्या घराचा तुकडा नाही. अट घालायला सोपी होती. बंदी सगळ्यांनीच पाळली होती, निदान सगळे तसं सांगत होते.

गोधडीला अस्तर म्हणून जाळं लावायचं होतं. पाणबुडे येऊन आठवडाभर बंद खडकावरची जुनी, अडकून राहिलेली जाळी काढत होते. अशी जाळी माणसाने सोडली तरी आपलं काम सोडत नाहीत. खाली पडल्या पडल्या मासे धरतात, ते मासे मरतात, त्यांना खायला खेकडे येतात, तेही अडकतात, आणि वर कोणाला पत्ता नसतो. पाणबुडे त्यांना भुताची जाळी म्हणत. बायका त्यावर हसल्या होत्या. जाळी शेडमध्ये येऊन पडली आणि वास सुटला, तेव्हा कोणी हसलं नाही. त्यांत काटे होते, शिंपले होते आणि एका पक्ष्याचा पांढरा सांगाडा होता, पंख तसेच पसरलेले.

जाळी धुऊन कापायचं काम डावरीकाकूंकडे आलं. काकूंचा डावा हात चालतो म्हणून डावरी. जाळं सांधण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. जाळं सांधायची इथली एक रीत आहे. ज्या घरचं जाळं, त्या घरच्या बाईनेच ते सांधायचं. दुसरीचा हात लागला तर जाळ्याचा गुण जातो म्हणतात. खरं म्हणजे फुकट राबायला कोणी तयार नसतं. त्यामुळे प्रत्येक घराची गाठ ओळखू येते. काकूंची गाठ उलटी, डावीकडे पडणारी. तशी गाठ पाडणारी वाडीत आणखी एकच, शेजारच्या शिट्टीची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू नव्हती आणि तिला जाळ्याची सुईसुद्धा धरता येत नव्हती. काकूंनी तिला आपल्या बाजूला बसवून शिकवलं. ती उजव्या हाताची, पण काकूंचं बघून बघून तिचीही गाठ डावीच पडू लागली.

शिट्टी हे तिच्या नवऱ्याचं खरं नाव नव्हे. होडी किनाऱ्याला लागली की तो तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारायचा, आणि बायको चुलीपाशी असली तरी हात पुसत बाहेर यायची. तीन वर्षांपूर्वी तो बंद खडकापाशी बुडाला. फुटलेली होडी वाहत आली तेव्हा इंजिनाच्या पंख्याच्या दांड्याला जाळ्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या आणि पंख्याचं एक पातं मोडून गेलं होतं. जाळ्यात पंखा अडकला, इंजिन बंद पडलं आणि वाऱ्याने होडी खडकावर नेली, एवढं सगळ्यांना समजलं. बंदी असताना तिथे जाळं कोणी टाकलं होतं, ते चेअरमननी घरोघर विचारलं. घरोघर लोकांनी कानांवर हात ठेवले.

त्या सकाळी काकू चौथं जाळं धूत होत्या. शेवाळ खरवडता खरवडता त्यांचं बोट एका जागी थांबलं. आधी बोटाला कळलं, मग डोळ्यांना. तळहाताएवढं ठिगळ होतं, निळ्या दोऱ्याचं. बाकी जाळं पांढरं. काकूंना तो दिवस लख्ख आठवला. पांढरा दोरा संपला होता, म्हणून त्यांनी उरलेला निळा घेतला होता आणि लेकाला म्हणाल्या होत्या, "हे ठिगळ बघून मासे हसतील तुला." लेक म्हणाला होता, "हसायला तोंड उघडलं की धरतो." पंधरा दिवसांनी तेच जाळं उत्तरेकडच्या पाण्याच्या ओढीत वाहून गेल्याचं त्याने सांगितलं. सोसायटीच्या वहीत तशी नोंदही झाली.

उत्तरेकडे गेलेलं जाळं दक्षिणेच्या खडकावरून निघालं होतं.

काकूंनी एकेक गाठ ओढून बघितली. एवढी वर्षं खाऱ्या पाण्यात राहून एकही सुटली नव्हती. खोटं कशाला सांगू, काकूंना आधी अभिमानच वाटला. मग त्यांना त्या अभिमानाची किळस आली. आपण इथे जेवत होतो, झोपत होतो, शेजारणीच्या पाठीवरून हात फिरवत होतो, आणि तिकडे खाली आपल्या गाठी एकेक मासा धरून ठेवत होत्या. त्यांनी जाळं झटकन खाली टाकलं.

"काकू, बरं वाटत नाहीये का?" शिट्टीची बायको बाजूलाच बसली होती. नवऱ्याच्या चौकटीच्या सदऱ्याचा तुकडा गोधडीला लावून झाला होता आणि त्यावर ती छोटी होडी भरत होती. "वासाने होतंय. जरा बाहेर जाऊन या."

"होईल बरं. तू तुझं कर." काकूंनी निळं ठिगळ आत दुमडलं आणि त्यावर ओल्या जाळ्याचा ढीग ओढला.

दुपारपर्यंत त्यांनी त्या ढिगाकडे पाहिलं नाही. तरी तो आहे हे त्यांना पाठीतून कळत होतं. वाऱ्याने टांगलेली जाळी हलत होती आणि त्यांतून थेंब गळत होते, आणि प्रत्येक वेळी काकूंना वाटे की मागे कोणीतरी ओल्या पायांनी येऊन उभं राहिलंय.

लेक संध्याकाळी आला. तीन वर्षांपासून तो समुद्रावर जात नव्हता. कंबर गेली असं सांगून बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडायला लागला होता. ज्याची कंबर गेली तो दिवसभर बर्फाच्या लाद्या कसा उचलतो, हे काकूंनी कधी विचारलं नव्हतं. आई झाली की बाईला किती गोष्टी दिसेनाशा होतात. सून शेजारी पाणी भरायला गेली होती. लेक हात धुऊन ताटावर बसला आणि त्याने पहिला घास घेतला.

"निळ्या ठिगळाचं जाळं सापडलं," काकू म्हणाल्या.

त्याने घास खाली ठेवला. "कुठे?"

"तू सांग कुठे."

त्याने ताट बाजूला सारलं. बर्फाने त्याची बोटं फुटली होती. "एकदाच टाकलं होतं, आई. एकदाच. खाली मासळी नुसती हलत होती, दिसत होती वरून. रात्रभर ठेवू आणि पहाटे उचलू म्हटलं. पहाटे ताप भरला."

ताप काकूंना आठवत होता. तीन दिवस तो उठला नव्हता.

"दुसऱ्या दिवशी पाहणीची बोट येणार होती. जाळं दिसलं असतं तर होडीचा परवाना गेला असता. शिट्टी दुपारी बघायला आला होता ना मला. त्याला सांगितलं. आधी शिव्या घातल्या त्याने. म्हणाला, बंदीच्या ज्या कागदावर आपण दोघांनी सही केली त्यावर थुंकलास तू. मग म्हणाला, पडून राहा, मी काढून आणतो. खाली मासे सडतील नाहीतर."

काकू भिंतीला टेकल्या. शिट्टी त्या दुपारी आला होता. दार त्यांनीच उघडलं होतं, प्यायला पाणी दिलं होतं. जाताना तो उंबऱ्यात चपला शोधत होता आणि म्हणाला होता, काकू, तुमच्या पोराला चांगला कडू काढा पाजा.

"म्हणजे तो तुझं जाळं काढायला गेला होता."

"हो."

"आणि तू तीन वर्षं तिच्या घरचं पाणी पितोस."

एकदम मान वर करून लेक दाराकडे बघायला लागला, कान देऊन. असं तो नेहमी करायचा, जेवताना, बोलताना मधेच. आज काकूंना कळलं की तो कोणती शिट्टी ऐकतो. त्यांनीही कान दिला. बाहेर फक्त होड्या घासल्याचा आवाज येत होता.

"तुला उद्या ती जाळी कापायचीच आहेत ना," तो हळूच म्हणाला. "अस्तरासाठी तुकडे करायचेत. ते ठिगळ आधी बारीक कापून टाक."

काकू हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. पण सकाळी निघताना त्यांनी मोठी कात्री दगडावर घासून घेतली.

त्या पोचल्या तेव्हा उशीर झाला होता. बाईंनी हौसेने लवकर येऊन तोच ढीग उलगडायला घेतला होता आणि त्याच्या पोटातून पितळेचं हिरवं पडलेलं पातं निघालं होतं. पंख्याचं पातं. निरोप गेला, चेअरमन आले, किनाऱ्यावरची पाचसात माणसं हात न धुता तशीच आली. शिट्टीची बायको पातं मांडीवर घेऊन बसली होती. ती रडत नव्हती. अंगठ्याने त्याची मोडलेली कड चाचपत होती.

"म्हणजे हेच ते जाळं," चेअरमन म्हणाले. त्यांनी चष्मा लावला आणि जाळं हातावर घेऊन पुढे पुढे सरकवत गेले. निळ्या ठिगळापाशी आले. चेअरमन अट घालणारा माणूस असला तरी आंधळा नव्हता. "डावी गाठ आहे."

सगळ्यांच्या माना काकूंकडे आणि शिट्टीच्या बायकोकडे वळल्या.

"डाव्या गाठीची घरं दोनच. काकू, तुमचं एक जाळं गेलं होतं, पण ते उत्तरेला. वहीत आहे. हे तुमचं नव्हे ना?"

काकूंच्या हातात कात्री होती. आयुष्यात इतकं सोपं खोटं त्यांना कधी बोलावं लागलं नव्हतं. "एवढी जाळी सांधली," त्या म्हणाल्या. "आता काय ओळखू येणार."

चेअरमननी चष्मा काढला. आवाज शक्य तेवढा मऊ करून ते शिट्टीच्या बायकोकडे वळले, आणि तो मऊपणाच फार वाईट होता. "पोरी, वाईट वाटून घेऊ नकोस. जाळं तुमच्याच घरचं दिसतंय. तो तिथे आपलंच जाळं उचलायला गेला असेल आणि त्यातच अडकला असेल. होतं असं. मोह होतो माणसाला."

तिने ठिगळ हातात घेतलं. गाठ उलटसुलट करून बघितली. डावी गाठ होती, तिला शिकवलेली गाठ. तीन वर्षांपूर्वी आपण कोणत्या रंगाच्या दोऱ्याने काय सांधलं, हे कोणाला छातीठोक सांगता येतं? "असेल माझी," ती म्हणाली.

"मग तो तुकडा..." चेअरमन बाईंकडे बघून थांबले.

"राहू द्या ना," बाई म्हणाल्या. "गेलेल्या माणसाचा आहे."

"अट सगळ्यांना सारखी."

"मी काढते," शिट्टीची बायको म्हणाली. "दुसऱ्या कोणी हात लावू नका."

तिने गोधडी पुढे ओढली, सुईचं टोक टाक्याखाली घातलं आणि उसवायला लागली. बारीक टाके होते, चार दिवसांचं काम. प्रत्येक टाका तुटताना बारीकसा आवाज होत होता. काकू तिच्या बाजूला, नेहमीच्या जागी बसल्या होत्या. एक बाजू उसवली. चौकटीच्या सदऱ्याचा कोपरा सुटून खाली लोंबला.

"मला म्हणाला होता," ती खाली बघतच बोलली, कोणाशी असं नाही. "म्हणाला, शेजारी ताप आहे त्याला, बघून येतो. बघून येतो म्हणून गेला आणि गेला जाळं उचलायला. माझ्याशी कधी खोटं बोलला नव्हता हो. शेवटचंच तेवढं बोलला."

तिने दुसऱ्या बाजूच्या टाक्यात सुई घातली.

"खोटं नाही बोलला," काकू म्हणाल्या.

तिचा हात थांबला.

"आला होता तो. दार मी उघडलं. पाणी प्यायला. माझ्या पोराजवळ बसला." काकूंचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटत होता. "जाळं आमचं आहे. पोराने टाकलेलं. तुझा नवरा ते काढायला गेला. आमची लाज झाकायला, आणि खाली मासे सडू नयेत म्हणून."

माणसांत कुजबुज झाली. चेअरमन घाईने म्हणाले, "काकू, तुमची माया कळते. पण तिला वाचवायला म्हणून स्वतःच्या पोराचं नाव..."

काकूंना त्यांचा राग आला. खरं बाहेर यायला तीन वर्षं लागली आणि हा गृहस्थ म्हणतो माया. आपण किती चांगल्या आहोत असं वाडीला वाटतं, याचीच त्या क्षणी त्यांना सगळ्यात जास्त शरम वाटली. त्यांनी कात्री मांडीवर ठेवली, जाळ्याची सुई घेतली, ठिगळाशेजारचा जाळ्याचा एक फाटका डोळा पुढे ओढला आणि भराभर सांधला. शेवटची गाठ दोनदा मारली आणि दोरा कात्रीने कापला. कापल्यावर गाठीला नखाएवढं शेपूट राहिलं.

"आता तू," त्यांनी सुई शिट्टीच्या बायकोला दिली.

तिने खालचा डोळा सांधला. तशीच डावी गाठ, पण शेवटची एकदाच मारलेली. दोरा तिने दातांनी तोडला. शेपूट राहिलं नाही.

"माझे पुढचे दात जाऊन दहा वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "मला दोरा दातांनी तोडता येत नाही. आता ठिगळ बघा."

चेअरमननी चष्मा पुन्हा लावला. निळ्या ठिगळाच्या कडेला सगळीकडे नखाएवढी शेपटं होती. त्यांनी ते मागच्या माणसाला दाखवलं, त्याने त्याच्या मागच्याला. कोणीतरी बाजूला सरकलं आणि दारातली वाट मोकळी झाली. तिथे काकूंचा लेक उभा होता, बर्फाच्या पाण्याने गुडघ्यापर्यंत भिजलेला. कोणी बोलावलं होतं की आपणहून आला होता, कोण जाणे. मागे त्याची बायको होती, हातात त्यांच्या घरचा तुकडा घेऊन. त्यावर तिने मासा भरला होता. तो माशापेक्षा चपलेसारखा जास्त दिसत होता, पण जीव लावून भरलेला होता.

"खरं आहे," लेक म्हणाला. "आई सांगते ते सगळं खरं आहे."

शिट्टीची बायको उठली नाही. "जाताना काय म्हणाला?" तिने विचारलं.

"वहिनी..."

"तेवढं सांगा, भावजी. बाकीचं नंतर."

"म्हणाला, तिला सांगू नकोस, उगाच वाट बघत बसेल. तासाभरात येतो."

ती मान हलवत राहिली. मग काकूंकडे वळली. "तुम्हाला कधी कळलं?"

"काल सकाळी."

"मी बाजूला बसले होते तेव्हा."

"हो."

"आणि आत्ता त्यांनी विचारलं तेव्हाही माहीत होतं."

"होतं," काकू म्हणाल्या. यापुढे या पोरीशी एक शब्दही खोटा बोलायचा नाही एवढंच आता त्यांच्या हातात उरलं होतं.

तिने सुईत दोरा ओवला आणि सदऱ्याचा लोंबणारा कोपरा सरळ करून पुन्हा शिवायला घेतला. सगळे उभे होते. तिला घाई नव्हती. दोन्ही बाजू पुऱ्या झाल्यावर तिने गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला.

चेअरमन खाकरले. "परवान्याचं सभेत बघू. या घराचा तुकडा मात्र लागणार नाही. अट आहे."

सुनेने हातातला तुकडा पदराखाली घेतला.

"लागेल," शिट्टीची बायको म्हणाली.

"पोरी, तू मोठ्या मनाची आहेस, पण..."

"मन मोठंबिठं काही नाही माझं. माफ केलं असं मी म्हटलेलं नाही." तिने गोधडीवर, सदऱ्याच्या चौकटीला लागून हात ठेवला. "काढून टाकलात तर वर्षभरात विसरेल वाडी. काकूंचं घर पण विसरेल. तुकडा इथे लागेल, त्याला चिकटून. भिंतीवर जो बघेल तो दोन्ही बघेल."

बाईंनी चेअरमनकडे पाहिलं. चेअरमननी शेडच्या छपराकडे पाहिलं. मोडायची वेळ आली की अट घालणाऱ्यालाही नजर लपवावी लागते.

सून पुढे आली. तिने तुकडा जागेवर ठेवला, सुरकुती काढली आणि सुई शोधायला लागली.

"तू नको," शिट्टीची बायको म्हणाली. "काकूंनी शिवायचा."

तिने सुई काकूंच्या डाव्या हातात दिली. काकूंनी कापड धरलं. टाके सरळ पडत होते, सवयीचा हात होता. लेक दारातून बघत होता. चारही बाजू होईपर्यंत कोणी जागचं हललं नाही. शेवटचा टाका आला तेव्हा सगळ्या बायका करतात तशी काकूंनी सुई उलट्या बाजूला न्यायला घेतली, गाठ आत लपावी म्हणून.

"आत नाही," शिट्टीची बायको म्हणाली. "वर घ्या."

काकूंनी सुई वर काढली, सगळ्यांसमोर दोनदा गाठ मारली आणि नखाएवढा दोरा ठेवून कापला.